ताळेबंदाचा दुसरा रकाना

काल फेब्रुवारीची मोजणी झाली. पहाटे सहालाच घरातून निघावं लागतं, कारण या आठवड्यात आमच्याकडं दिवसाची लाईट आहे, आठ वाजता लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि मग विहिरीत टेप सोडून काही उपयोग नाही. पाणी उपसत असताना जी पातळी दिसते ती खोटी असते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पहिलं अख्खं वर्ष आम्ही दुपारी निवांत जेवून बिवून मोजायला जायचो आणि एकाच विहिरीचं पाणी आठवड्यात चार फूट वर चार फूट खाली कसं होतंय म्हणून डोकं धरून बसायचो.

टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधलाय. शेवटच्या दोन फुटांना खडू घासायचा, कठड्यावर ठरलेल्या खुणेपासून सरळ खाली सोडायचा, नट बुडाला की हाताला कळतं, तेव्हा खुणेपाशी टेपचा आकडा बघून ठेवायचा, आणि वर ओढला की खडू जिथपर्यंत ओला झाला तो आकडा त्यातून वजा करायचा. माझ्यासोबत दहावीतली दोन पोरं असतात, एक टेप धरतो, एक वहीत लिहितो, आणि मी तोच आकडा परत एकदा मोठ्यानं वाचून घेते कारण एकदा २७ चे ३७ लिहिले गेले होते आणि त्या एका आकड्यावरून ग्रामसभेत दोन तास भांडण झालं होतं.

मी पारनेर तालुक्यातल्या एका छोट्या गावात राहते. चार एकर जमीन, दोन गायी, आणि बचत गटाचा हिशोब बरीच वर्षं मीच लिहिते, म्हणून पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाऊस किती पडला आणि पाणी कशाला किती लागतं याचा हिशोब, लिहायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. आज त्याबद्दलच लिहायचंय, कारण आजकाल पाण्याचा ताळेबंद हा शब्द सगळीकडं ऐकू येतो, अटल भूजल योजनेत आला, पाणी फाउंडेशनच्या ट्रेनिंगमध्ये होता, गावोगावी भिंतींवर रंगवलेला दिसतो, आणि तरी मला वाटतं त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट बहुतेक गावात सुटून जाते. ती म्हणजे दुसरा रकाना. सांगते.

२०१८ चा पावसाळा आठवत असेल. राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. आमच्याकडं जानेवारीतच टँकर सुरू झाला, मार्चनंतर जनावरं छावणीला. माझ्या सासूबाईंनी बहात्तरचा दुष्काळ बघितलेला, त्या म्हणायच्या की तेव्हा खायला नव्हतं पण विहिरीला प्यायपुरतं पाणी होतं, आता घरात सगळं आहे आणि पाणी नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही पंधरा-वीस जण हिवरे बाजार बघून आलो. आमच्यापासून काही फार लांब नाही, पाऊस पण आमच्यासारखाच, चारशे मिलिमीटरच्या आसपास. तिथं २००४ पासून दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा हिशोब मांडतात, किती पाऊस झाला, त्यात प्यायला किती, जनावराला किती, आणि उरलेल्यात कुठलं पीक किती बसतं. ऊस आणि केळी नाहीत, शेतीसाठी बोअर नाही. पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले तेव्हापासूनच्या कामाचं ते फळ आहे हे खरंच, पण मला जास्त लागलं ते हे की एवढं सगळं झाल्यावरही ती माणसं दरवर्षी नव्यानं हिशोबाला बसतात. गेल्या वर्षी जमलं म्हणून यंदा जमेल असं धरत नाहीत.

आम्ही आलो आणि उत्साहात २०२० च्या ऑक्टोबरात पहिला ताळेबंद केला. हिशोब तसा सोपा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. आमच्या गावाचं क्षेत्र नऊशे हेक्टर, आणि हिशोबाला आम्ही सरासरीचा म्हणून ३८० मिलिमीटर धरला, म्हणजे ३४२ कोटी लिटर. आकडा ऐकून सगळे खूश. त्यातलं बरंचसं उन्हानं उडून जातं, बरंचसं ओढ्यानं वाहून जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं आणि जमिनीखाली मुरतं ते थोडं. आम्ही बारा टक्के धरलं. म्हणजे ४१ कोटी. त्यात चौदाशे माणसं गुणिले ५५ लिटर गुणिले वर्ष, पावणेतीन कोटीच्या वर थोडं, जनावरांचं धरून चार-साडेचार कोटी. उरले छत्तीस-सदतीस कोटी. कांद्याला एकरी पंचवीस लाख लिटर धरलं तर शंभर एकर कांदा म्हणजे पंचवीस कोटी, राहिलेल्यात हरभरा, ज्वारीला एक-दोन पाणी, घास. बसलं सगळं! भिंतीवर रंगवला, फोटो काढले, व्हॉट्सअॅपला टाकले.

फेब्रुवारीच्या शेवटी खालच्या आळीतल्या विहिरी आटायला लागल्या.

आता इथं खरं तर दोन रस्ते होते. एक म्हणजे म्हणायचं की जाऊ दे, हे कागदावरचं असंच असतं, पाणी काय कुणाला मोजता येतं का. बरेच जण तसं म्हणालेच. आमचे नाना, माझे चुलत सासरे, त्यांनी मात्र वेगळं विचारलं. ते म्हणाले, "सूनबाई, तुझ्या बचत गटात पैशे कमी भरले तर तू रजिस्टर फाडून टाकती का?" मी म्हटलं नाही नाना, कुणाचं आलं नाही ते शोधते. "मग शोध की."

तेव्हा ताळेबंदाला दुसरा रकाना जोडला. पहिल्या रकान्यात ऑक्टोबरात काय धरलं ते, दुसऱ्यात मे अखेर प्रत्यक्ष काय झालं ते. आणि दोन्हीत फरक का पडला ते खाली दोन ओळीत लिहायचं, फरक नसेल तरी लिहायचं.

शोधल्यावर पहिली गोष्ट निघाली ती कांद्याची. ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून शंभर एकर सांगितला होता. आम्ही चार बाया आणि दोन पोरं दोन दिवस शिवार फिरलो, बांधाबांधानं मोजलं, तर एकशे चाळीस भरला. कुणी मुद्दाम खोटं बोललं असं मी म्हणणार नाही, रोप उरलं म्हणून अर्धा एकर वाढवलं, पाहुण्याकडून रोप आलं, बाजार चढा होता, असंच होतं ते. पण चाळीस एकर म्हणजे दहा कोटी लिटर. गावाला प्यायला लागतं त्याच्या तिपटीच्या पुढं. तेव्हापासून डिसेंबरात शिवार फेरी पक्की, तोंडी आकडा धरत नाही.

दुसरी गोष्ट कळायला अजून दोन वर्षं लागली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ३८० मिलिमीटर म्हणजे ३८० मिलिमीटर असं आम्ही धरत होतो. पण तो पाऊस तीस दिवसात पडला का सहा दिवसात, यानं जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आमच्याकडं वर दोन-तीन फूट माती, खाली मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. मुरूम पाणी धरतो, पाषाण जिथं फाटलेला आहे तिथंच काय ते पाणी घेतो. रिमझिम लागली की मुरूम हळूहळू पिऊन घेतो, पण एका रात्रीत ऐंशी मिलिमीटर कोसळला की माती घेऊन ओढ्यानं निघून जातो, आणि आपल्या वहीत मात्र दोन्ही सारखेच. मग आम्ही शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाच्या वहीत अजून एक खाना केला, ओढा किती दिवस वाहिला आणि पाणी गढूळ होतं का निवळ. निवळ पाणी जितके जास्त दिवस वाहतं तितकं मुरलेलं जास्त, हे नानांचं म्हणणं होतं आणि तीन वर्षांच्या आकड्यात ते खरं निघालं. आता टक्केवारी आम्ही ओढ्यावरून ठरवतो. ओढा निवळ महिनाभर वाहिला तर दहा टक्के, पंधरा दिवस वाहिला तर सात, नुसते दोन लोंढे येऊन गेले तर पाच. हे कुठल्या पुस्तकात नाही, आमच्या गावापुरतं आहे, आणि पुढं बदलेलही.

मला नंतर एका ट्रेनिंगमध्ये समजलं की असं काम करायला अॅडॅप्टिव्ह मॅनेजमेंट म्हणतात, आणि १९७० च्या दशकात कॅनडातल्या क्रॉफर्ड हॉलिंग, कार्ल वॉल्टर्स या शास्त्रज्ञांनी ते मांडलं. त्यांचं म्हणणं असं की जंगल असो, मासे असोत का पाणी, आपल्याला त्याची पुरती माहिती कधीच मिळणार नाही आणि माहिती मिळेपर्यंत थांबताही येणार नाही, म्हणून आपण जो निर्णय घेतो तो एक प्रयोग आहे असं धरून घ्यायचा, काय होईल असं वाटतं ते आधी लिहून ठेवायचं, मोजायचं, आणि चुकलं तर बदलायचं. त्या दिवशी घरी येताना एसटीत मला फार बरं वाटत होतं, आपण करतोय त्याला कुणीतरी नाव दिलंय म्हणून.

त्याच ट्रेनिंगमध्ये सरांनी भरतपूरची गोष्ट सांगितली ती मी अजून विसरले नाही. राजस्थानात केवलादेव घना म्हणून पक्ष्यांचं उद्यान आहे, सायबेरियातले क्रौंच यायचे तिथं. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि म्हशी-गुरं चारायला बंदी घातली. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींसारख्या माणसाचंही मत होतं की गुरं पक्ष्यांना त्रासदायक आहेत. बंदीवरून गावकरी आणि पोलिसांची चकमक झाली, गोळीबार झाला, माणसं गेली. आणि मग मुंबईच्या बीएनएचएसनं, म्हणजे सलीम अलींच्याच संस्थेनं, दहा वर्षं तिथं अभ्यास केला तर निघालं उलटंच. म्हशी पाण्यातलं गवत खायच्या म्हणून पाणी मोकळं राहायचं, म्हशी गेल्यावर गवतानं तळी भरून गेली आणि पाणपक्ष्यांना जागाच उरली नाही. त्यांनी ते तसंच लिहिलं. आपल्याच माणसाचं, तेही एवढ्या मोठ्या माणसाचं मत आकड्यांनी चुकीचं ठरलं तर ते लिहायला किती मोठं मन लागत असेल. आणि गेलेल्या माणसांचं काय, हा विचार मनातून जात नाही. आधी छोट्या तुकड्यावर करून बघितलं असतं तर?

आमच्या डोंगरावर पण चराईबंदी आहे म्हणून हे जास्त लागलं. बंदी चांगलीच, पहिल्या चार वर्षात डोंगर हिरवा झाला, पण पाचव्या वर्षी गवत इतकं माजलं की वाळल्यावर वणवा लागला आणि लावलेली रोपं गेली. धनगर वस्तीवरच्या लोकांनी हे आधीच सांगितलं होतं, त्यांचं आम्ही ऐकलं नव्हतं, हे मी कबूल करते. आता कार्तिकानंतर विळ्यानं गवत कापून न्यायला मोकळीक आहे, आणि एका कोपऱ्यात, साधारण पंधरा एकरात, पावसाळ्यानंतर तीन महिने मेंढरं सोडतो. तिथं काय होतंय ते बघतोय. तीन वर्षं झाली, अजून वणवा नाही, रोपांचं नुकसान थोडं आहे.

परत पाण्याकडं येते. सगळ्यात अवघड काम मोजायचं नाहीच, मोजल्यावर ऐकायचं आहे. फेब्रुवारीत पाणी कमी दिसलं आणि मग ग्रामसभा घेतली की ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो म्हणतो माझं मी बघीन, ज्याचं आटलं तो म्हणतो सगळ्यांनी बंद करा, आणि भाऊबंदकी निघते. म्हणून आम्ही २०२२ पासून एक केलं. ऑक्टोबरातच, कुणाची विहीर आटणार कुणाची टिकणार हे कुणालाच माहीत नसताना, नियम ठरवून टाकायचा. गावात तीन विहिरी खुणेच्या धरल्यात, वरची, मधली, खालची. प्रत्येकीत आतल्या बांधकामावर ऑइलपेंटची लाल रेघ मारली, तळापासून दोन परसावर (परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढं माप). फेब्रुवारीच्या मोजणीत तीनपैकी दोन विहिरींची रेघ उघडी पडली की उन्हाळी भुईमूग, उन्हाळी बाजरी, काही लावायचं नाही, आणि बोअर फक्त प्यायला आणि जनावरांना. लाल रेघ कुणीही वाकून बघू शकतं, त्याला माझी वही लागत नाही, हे त्यातलं बरं.

२०२३ ला त्याची परीक्षा झाली. ऑगस्ट अख्खा कोरडा गेला, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. आमचा ओढा चार दिवस वाहिला, तोही लोंढा. ऑक्टोबरात हिशोब मांडला तर पाच टक्के धरून प्यायचं वजा जाता जेमतेम पस्तीस एकर कांदा बसत होता. आणि नेमका तेव्हा कांद्याचा बाजार चढत होता, दिवाळीत तर प्रत्येकाच्या डोळ्यापुढं कांदाच. ग्रामसभा रात्री अकरापर्यंत चालली. शेवटी ठरलं की ज्याच्याकडं ठिबक आहे त्यालाही आणि नाही त्यालाही, प्रत्येक खात्याला दहा गुंठे. जमीन जास्त असलेल्यांना ते सोपं नव्हतं, आमच्याच घरात ह्यांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही. एका घरानं नियम मोडून रात्रीत बोअर मारलं, कायद्यात साठ मीटरच्या खाली जायला परवानगी नाही, ते शंभरच्या पुढं गेले, पाणी लागलं नाहीच आणि कर्ज राहिलं. त्यांना कुणी बोललं नाही. काय बोलणार.

८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली आणि भाव कोसळला. आमच्या गावाचं नुकसान त्यामानानं कमी झालं, पण याचं श्रेय मी ताळेबंदाला देणार नाही, ते आम्हाला काय ठाऊक होतं. फेब्रुवारी २०२४ ला दोन विहिरींच्या रेघा उघड्या पडल्या, उन्हाळी लावलं नाही, आणि मे महिन्यात आजूबाजूच्या गावांना टँकर चालू असताना आमच्या नळाला एक दिवसाआड का होईना पाणी होतं. २०१९ ला जी बाई हंडा घेऊन टँकरमागं पळत होती तिच्याच दारात. मला तेवढंच सांगायचंय.

मग २०२४ ला पाऊस चांगला, आणि २०२५ नं तर सगळी वहीच उलटी केली. आम्ही मे अखेरची मोजणी २५ तारखेला करतो, म्हणजे वर्षातलं सगळ्यात कमी पाणी कळतं. २०२५ ला मे महिन्यातच धो धो पाऊस, २५-२६ मेलाच राज्यात मान्सून आला, शेतात काढून ठेवलेला कांदा भिजला, आणि आमच्या विहिरी २५ मेला आदल्या महिन्यापेक्षा भरलेल्या. म्हणजे त्या वर्षाचा दुसरा रकाना खरा भरताच आला नाही. आता मोजणी दर पंधरा दिवसांनी करायची ठरवलंय, एप्रिलपासून. काम वाढलं पण पोरं तयार आहेत.

सध्या ज्याची सगळ्यात उत्सुकता आहे ते सांगते. ओढ्यावर आमचे दोन सिमेंट बंधारे आहेत, वरचा आणि खालचा, साधारण सारखेच. गाळ काढायचा का नाही यावर गावात कायम दोन मतं. काही म्हणतात जेसीबी लावा जितका काढाल तितकं चांगलं, नाना म्हणतात खोल उकरलं की खालचा मुरूमच निघून जातो आणि पाणी नुसतं साठून उन्हानं उडतं. दरवर्षी वाद. तर २०२४ च्या उन्हाळ्यात ठरवलं, खालच्या बंधाऱ्याचा गाळ काढायचा, वरच्याला हात लावायचा नाही, आणि दोन्हीच्या शेजारच्या विहिरी मोजायच्या. २०२५ च्या फेब्रुवारीत खालच्या विहिरीत अर्धा परस पाणी जास्त होतं, जेसीबीवाले एकदम खूश. पण ती विहीर मुळातच खालच्या अंगाला आहे, तिला जास्त पाणी असणारच, मग हे गाळाचं का उताराचं? आमची २०२२ आणि २०२३ ची वही काढली तर तेव्हाही तिला जवळपास तेवढंच जास्त होतं.

काल मोजलं तर खालच्या विहिरीत साडेचार परस पाणी, वरच्या विहिरीत चार परस दोन फूट. फरक कमी झालाय. नाना कठड्याला धरून उभे होते, त्यांना आता नीट दिसत नाही पण आकडा ऐकायला येतात. पोरानं आकडा वाचला, ते थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं म्हणतील बघ मी सांगत होतो. ते म्हणाले, "यंदा वरचा काढा गाळ. हाताभरच, मुरूम लागला की थांबा. आन् खालच्याला हात लावू नका. मग बघू."

रविवारी ग्रामसभेत तो विषय घेतलाय. जेसीबीचे तासाचे दर विचारून ठेवायचेत, आणि वरच्या विहिरीची लाल रेघ पुसट झालीय, ती परत मारायचीय.